तेवीस मालक, एक घोडा: ‘ड्रीम अलायन्स’चा जमाखर्च

रेसच्या घोड्यात भागीदारी करू नका हे पटवून द्यायला बुडालेल्या भागीदाऱ्यांची उदाहरणं हवी तेवढी सापडतात. त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ऐकणारा मनात म्हणतो, त्यांचा घोडा लंगडा निघाला, आमचा तसा निघणार नाही. म्हणून मी उलटं उदाहरण घेतो आहे. हा घोडा जिंकला. साधासुधा नाही, वेल्सच्या अडथळ्यांच्या शर्यतींमधली सर्वांत मोठी शर्यत जिंकला. आयुष्यात त्याने १,३८,६४६ पौंडांची बक्षिसं मिळवली, आणि सगळा हिशेब मिटल्यावर त्याच्या प्रत्येक भागीदाराच्या हातात निव्वळ नफा म्हणून १,४३० पौंड पडले.

एक लाख अडतीस हजार भागिले तेवीस केलं तर उत्तर सहा हजारांच्या थोडं वर येतं. हातात आले त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. मधले पैसे कुणी खाल्ले नाहीत, कुणी लुबाडलं नाही. ते घोड्यावरच गेले. कुठे कुठे गेले, ते या प्रकरणातून दिसतं.

सुरुवात: चार आण्याची घोडी

दक्षिण वेल्समधलं केव्हन फॉरेस्ट हे कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या कामगारांच्या क्लबात जॅन व्होक्स बारमागे काम करायच्या. कबुतरं आणि व्हिपेट जातीची कुत्री यांच्या पैदाशीचा त्यांना अनुभव होता, घोड्यांचा नव्हता. एका संध्याकाळी हॉवर्ड डेव्हिस नावाचे कर सल्लागार त्यांच्या कानांवर पडेल एवढ्या आवाजात आपल्या जुन्या रेसच्या घोड्याबद्दल बोलत होते. त्या घोड्यात डेव्हिसांचे पैसे गेले होते, आणि पुन्हा या भानगडीत पडणार नाही असं त्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं. जॅनबाईंच्या डोक्यात मात्र किडा शिरला.

त्यांनी आणि त्यांचे पती ब्रायन यांनी रिवबेल नावाची घोडी ३५० पौंडांना घेतली. मग तिला बिएन बिएन नावाच्या स्टॅलियनकडून, म्हणजे पैदाशीच्या नराकडून, फळवून घेतलं, त्याची फी ३,००० पौंड. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे मसाला त्याच्याही पुढे गेला. आठ-नऊ पट. भागीदारीचा पहिला धडा इथेच आहे: घोड्याची खरेदी किंमत हा त्याच्या खर्चातला सर्वांत दिसणारा आणि बहुतेक वेळा सर्वांत बिनमहत्त्वाचा आकडा असतो. हिस्सा विकणारा नेमका तोच आकडा पुढे करतो.

किंमत जास्त म्हणजे घोडा चांगला, असंही नाही. १९८३ मध्ये स्नाफी डान्सर नावाचं शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरना विकलं गेलं, ते कधी एकाही शर्यतीत उतरलं नाही. २००६ मध्ये द ग्रीन मंकी १ कोटी ६० लाख डॉलरना गेला, त्याने सगळ्या कारकिर्दीत १०,४४० डॉलर कमावले. महाग घोडा आणि स्वस्त घोडा यांच्यात एक गोष्ट मात्र सारखी असते. दोघंही रोज तेवढंच खातात.

रिवबेलला मार्च २००१ मध्ये शिंगरू झालं. खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावर भाजीपाल्यासाठी दिलेल्या जमिनीच्या तुकड्यात ते वाढलं. पैसे कमी पडायला लागले तसं जॅनबाईंनी दिवसा एका सुपरमार्केटमध्ये साफसफाईचं काम धरलं आणि रात्री बार सांभाळला. घोड्याचं नाव ठेवलं ‘ड्रीम अलायन्स’. यातला अलायन्स म्हणजे ही माणसांची युती. क्लबातली आणि गावातली तेवीस माणसं त्यात आली, प्रत्येकाची आठवड्याची वर्गणी १० पौंड.

घोड्याची पहिली शर्यत झाली २००४ च्या नोव्हेंबरमध्ये, इंग्लंडमधल्या न्यूबरीच्या मैदानावर. चौथा आला. घोडी फळवल्यापासून मोजलं तर साडेचार वर्षांच्या आसपास नुसता खर्च, आणि जमेच्या रकान्यात शून्य. घरी पैदास न करता तयार घोडा घेतला तर हा काळ कमी होतो, पण तो काळ दुसऱ्या कुणीतरी पोसलेला असतो आणि त्याने तो किमतीत धरलेला असतो.

दहा पौंडांत काय येतं

तेवीस जणांचे आठवड्याला दहा म्हणजे २३० पौंड. वर्षाचे ११,९६०. घोडा गेला होता सॉमरसेटमधल्या फिलिप हॉब्ज यांच्या तबेल्यात, म्हणजे ब्रिटनमधल्या पहिल्या फळीच्या ट्रेनरकडे. बारा हजारांत अशा ठिकाणी घोड्याचं वर्ष नीट काढणं तेव्हाही अवघड होतं. फरक भरून निघणार तो बक्षिसांतूनच. म्हणजे या मंडळींचा घोडा पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वैरणीसाठी पळत होता.

ट्रेनरचा दर रोजचा असतो आणि बिल महिन्याचं येतं. त्या दरात चारा, खुराक, बिछायत, खरारा करणाऱ्या आणि घोड्यावर बसून सराव घेणाऱ्या माणसांचे पगार, सरावाच्या पट्ट्याचा वापर एवढं येतं. नवख्याला वाटतं झालं, एवढंच. त्यानंतर नालबंदाचं वेगळं बिल येतं, कारण पळणाऱ्या घोड्याला काही आठवड्यांनी नवे नाल लागतात. डॉक्टरचं वेगळं, दातांचं वेगळं, रक्ततपासणीचं वेगळं. शर्यतीच्या ठिकाणी न्यायची गाडी, सोबत जाणाऱ्या माणसाचा दिवस. शर्यतीत नाव घालण्याची फी. जॉकीची फी, जी घोडा शेवटून पहिला आला तरी द्यावीच लागते. मालकीची नोंदणी, जॉकीच्या अंगावरच्या रंगांची नोंदणी. विमा घेतला तर त्याचा हप्ता.

यातली नाव घालण्याची फी जरा समजून घ्यायला हवी. मोठ्या शर्यतींसाठी नाव कितीतरी आठवडे आधी द्यावं लागतं, आणि पुढच्या टप्प्यांवर नाव कायम ठेवायचं तर काही ठिकाणी पुन्हा पैसे भरावे लागतात. मध्येच घोड्याला खोकला झाला, मैदान कडक निघालं, ट्रेनरने म्हटलं नको, की ते पैसे गेले. भागीदारांना त्या दिवशी शर्यतही बघायला मिळत नाही. मी म्हणेन, गटात पहिलं भांडण होतं ते याच मुद्द्यावरून. पैसे फार जातात म्हणून नाही, तर गेलेल्या पैशाबदल्यात दाखवायला काहीच नसतं म्हणून.

बक्षिसाचंही तसंच. वर्तमानपत्रात येतो तो आकडा मालकाच्या खात्यात येत नाही. ब्रिटनमध्ये विजेत्या घोड्याच्या बक्षिसातून ट्रेनर, जॉकी आणि तबेल्यातले कामगार यांचे टक्के आधी कापले जातात, मालकाकडे ढोबळमानाने पाचातले चार हिस्से उरतात. ते हिस्से मग तेवीस ठिकाणी वाटायचे. वाटायचे म्हणजे वाटायची शक्यता असते, कारण शहाणा खजिनदार ते वाटत नाही. पुढच्या महिन्याच्या बिलासाठी ठेवून देतो.

या गटाचा खरा ठेवा म्हणजे घोडा नव्हे, हॉवर्ड डेव्हिस, असं माझं मत आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस कागदपत्रांच्या जागी बसला होता. व्यवसायाने तो कर सल्लागार. ब्रिटनमध्ये १९९३ पासून घोड्यांच्या मालकांना नोंदणी आणि नोंदी नीट असतील तर वॅट परत मिळवण्याची सोय आहे. हौशी गट बहुधा असल्या सोयीकडे बघतसुद्धा नाहीत आणि बिलाचा चांगला मोठा तुकडा वाया घालवतात. ज्या भागीदारीत हिशेब ठेवणारा फुकट काम करतो आणि ते नीट करतो, तिथे बराच खर्च आधीच वाचलेला असतो. बाजारात हिस्से विकणाऱ्या व्यावसायिक सिंडिकेटमध्ये याच कामाचे पैसे हिश्शाच्या किमतीत मिसळलेले असतात. शंभराचा घोडा घेऊन त्याचे हिस्से दीडशेला विकणं हा गुन्हा नाही, पण घेणाऱ्याला ते माहीत हवं. तो म्हणतो मी घोड्याचा दहावा हिस्सा घेतला. त्याने खरं तर दहाचा हिस्सा पंधराला घेतलेला असतो, वरचे पाच व्यवस्थापकाच्या पगाराचे.

एन्ट्रीचं मैदान, एप्रिल २००८

घोडा चांगला निघाला होता. २००७ च्या डिसेंबरमध्ये न्यूबरीच्या हेनेसी गोल्ड कपमध्ये तो दुसरा आला, पहिला आलेला घोडा होता डेनमन, त्या पिढीतल्या सर्वोत्तम घोड्यांपैकी एक. क्लबातली माणसं मोठ्या शर्यतींची स्वप्नं बघायला लागली होती.

एप्रिल २००८ मध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) या शर्यतीच्या मैदानावर त्याच्या पायाची कंडरा फाटली. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, सगळा भार या दोऱ्यांवर असतो. ती फाटली की बऱ्या झालेल्या जागी जो नवा धागा तयार होतो तो मूळ धाग्यासारखा लवचीक नसतो. पुन्हा तिथेच तुटण्याची भीती कायम राहते. अशा दुखापतीत अनेक घोड्यांना तिथल्या तिथे दयामरण दिलं जातं.

एकट्या मालकाने या क्षणी काय ते ठरवावं आणि मोकळं व्हावं. तेवीस मालकांचं काय? घोडा मैदानावर उभा असतो, डॉक्टर विचारत असतो, आणि फोन किती जणांना करायचे?

हाच या प्रकाराचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि करारात तो बहुधा दोन ओळींत उरकलेला असतो. जीव वाचवायचा की नाही हा निर्णय डॉक्टर आणि ट्रेनरवर सोडता येतो. त्यानंतरचा प्रश्न सोडता येत नाही: उपचारावर किती खर्च करायचा? दहा पौंडवाल्या माणसाला तू यापुढे आणखी पैसे घाल असं सांगता येतं का? तो नाही म्हणाला तर त्याचा हिस्सा जातो, की राहतो?

ड्रीम अलायन्सवर मूलपेशींचा उपचार करायचं ठरलं. घोड्याच्या छातीच्या हाडातून मज्जा काढतात, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवतात आणि जखमी कंडरेत टोचतात. तेव्हा हे तंत्र नवंच होतं. खर्च आला सुमारे २०,००० पौंड, म्हणजे माणशी ८७० च्या आसपास. दहा पौंड आठवड्याच्या हिशेबात ही दीड वर्षाहून अधिक काळची वर्गणी झाली. ती रक्कम वेगळी गोळा करावी लागली नाही, कारण घोड्याने तोवर मिळवलेली बक्षिसं शिल्लक होती. त्याने कमावलं आहे, त्याच्यावरच खर्चू, असं मंडळींनी ठरवलं. बक्षीस आल्या आल्या वाटून घेतलं असतं तर हा पर्यायच समोर आला नसता.

इथे विम्याबद्दल सांगायला हवं. घोड्याचा सर्वसाधारण विमा मृत्यूचा असतो. घोडा मेला, किंवा वेदनेतून सोडवण्यासाठी त्याला मारावं लागलं, तर पैसे मिळतात. जिवंत राहिला पण पुन्हा कधीच पळू शकला नाही, तर त्या विम्यातून काही येत नाही. रेसच्या घोड्याचं नशीब बहुतेक वेळा या दुसऱ्याच प्रकारचं असतं.

कागदावर काय लिहिलं आहे याचं महत्त्व किती, ते शेरगरच्या भागीदारांना विचारावं. १९८१ ची डर्बी दहा लांबींनी (एक लांबी म्हणजे घोड्याच्या शरीराएवढं अंतर) जिंकलेला हा घोडा पैदाशीसाठी एक कोटी पौंडांना चाळीस हिश्शांत विकला गेला, हिस्सा अडीच लाख पौंडांचा. सहा हिस्से मूळ मालक आगा खान यांनी स्वतःकडे ठेवले. ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री आयर्लंडमधल्या स्टड फार्मवरून सशस्त्र लोकांनी तो पळवला आणि खंडणी मागितली. पळवणाऱ्यांनी आगा खानांना एकटे मालक धरलं असावं. प्रत्यक्षात मालक वेगवेगळ्या देशांत विखुरलेले होते आणि एकाच्या शब्दावर पैसे देणं शक्य नव्हतं. घोडा परत आला नाही, त्याचे अवशेषही सापडले नाहीत. ज्या भागीदारांनी चोरीचाही विमा उतरवला होता त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी फक्त मृत्यूचा उतरवला होता ते अडकले, कारण घोडा मेल्याचा पुरावाच नव्हता. एकच घोडा, एकच रात्र, आणि विम्याच्या एका कलमावरून कुणाचे अडीच लाख परत आले तर कुणाचे गेले.

चेपस्टो आणि नंतर

दुखापतीनंतर दीड वर्षाच्या आसपास घोडा शर्यतीपासून लांब होता. खर्च लांब नव्हता. विश्रांती घेणारा घोडा पळणाऱ्यापेक्षा स्वस्त पडतो, फुकट पडत नाही.

२८ डिसेंबर २००९ ला वेल्समधल्या चेपस्टोला वेल्श नॅशनल झाली, सुरुवातीला म्हटली ती वेल्समधली सर्वांत मोठी शर्यत. सुमारे सहा किलोमीटर, वाटेत अडथळ्यांवर अडथळे, पायाखाली चिखल. जॉकी टॉम ओब्रायन वर बसले होते. भाव एकास वीस. ड्रीम अलायन्स पाऊण लांबीने जिंकला. फाटलेली कंडरा बरी होऊन घोडा अशी शर्यत जिंकतो हे पशुवैद्यकालाही नवं होतं. मूलपेशींचा उपचार घेऊन एवढी मोठी शर्यत जिंकणारा घोडा म्हणून त्याचं नाव झालं.

भागीदारीचा खरा परतावा त्या दिवशी मिळाला, असं मला वाटतं, आणि तो पैशांत नव्हता. खाणी बंद पडलेल्या गावातली माणसं विजेत्याच्या कुंपणात मालक म्हणून उभी होती. हे मोल मी कमी करत नाही. त्याला ‘गुंतवणुकीचा परतावा’ म्हणू नये, एवढंच.

पुढच्या एप्रिलमध्ये, २०१० च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्याला अर्ध्यातून बाहेर काढावं लागलं. तपासणीत फुफ्फुसाचा त्रास निघाला. त्यानंतर जुना रंग काही परत आला नाही, आणि २०१२ मध्ये तो निवृत्त झाला. म्हणजे पैदाशीपासून धरलं तर बारा वर्षांच्या प्रकरणात शिखराचा दिवस एक.

घोडा निवृत्त झाल्यावर विकून पैसे येतात ना, असं कुणी विचारेल. शेरगरसारख्या नरात येतात. अडथळ्यांच्या शर्यतीतले बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात, ड्रीम अलायन्सही होता. पैदाशीचं उत्पन्न शून्य. पळणं थांबलं त्या दिवशी बाजारातली किंमत जवळजवळ संपते. हिस्सा घेताना ही एकच गोष्ट विचारली तरी अर्धे भ्रम गळून पडतात: नर आहे, मादी आहे की खच्ची? आणि नर किंवा मादी असेल तर पैदाशीच्या हक्कात मला वाटा आहे, की फक्त पळत असेपर्यंत?

कारण ‘हिस्सा’ हा शब्द फार ढगळ आहे. कुठे तो खरी मालकी असते. कुठे घोडा दुसऱ्याचा असतो आणि गटाने ठरावीक काळासाठी भाड्याने घेतलेला असतो. काही रेसिंग क्लबांत सभासदाकडे घोड्याचं एक नखही मालकीचं नसतं, तबेल्याला भेट देण्याचा आणि बक्षिसातल्या वाट्याचा हक्क तेवढा असतो. २०२० ची केंटकी डर्बी जिंकलेल्या ऑथेंटिकचे साडेबारा टक्के हिस्से २०६ डॉलरला एक याप्रमाणे पाच हजारांहून जास्त लोकांनी घेतले होते. एक हिस्सा म्हणजे घोड्याचा लाखावा भाग. त्यांना डर्बीविजेत्याचे मालक म्हणवून घेता आलं, आणि दोनशे डॉलरमध्ये ते स्वस्तच पडलं. पण त्या घोड्याने कुठे पळावं याबद्दल त्यांचं मत कुणी विचारणार नव्हतं. उलट टोकाला २०१९ चं आयर्लंडमधलं प्रकरण आहे. तिथल्या घोड्यांच्या शर्यतींच्या राष्ट्रीय संस्थेने एका रेसिंग क्लबची नोंदणी काढून घेतली, कारण काही घोड्यांचे शंभर टक्क्यांहून जास्त हिस्से विकले गेल्याचं चौकशीत दिसलं. क्लबचे घोडे शर्यतीत उतरायचे थांबले. घोडा कुणाच्या नावावर नोंदलेला आहे, पैसे वेगळ्या खात्यात आहेत का, विकलेल्या हिश्शांची बेरीज कुणी तपासली, हे प्रश्न तिथल्या सभासदांपैकी अनेकांना घोडा चांगला पळत असताना सुचले नसणार. जिंकणाऱ्या घोड्याच्या मालकाला वह्या बघाव्याशा वाटत नाहीत.

आता १,४३० पौंडांकडे परत. ही रक्कम नफा म्हणून सांगितली गेली आहे, आणि नफा शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. पण ती बारा वर्षांच्या प्रकरणावर पसरून बघा, वर्षाला सव्वाशे पौंडही पडत नाहीत. हे विजेत्या घोड्याचं झालं. त्याच दशकात ब्रिटनमध्ये हजारो घोडे तबेल्यांत होते आणि वेल्श नॅशनल वर्षाला एकच घोडा जिंकतो. दुसऱ्या बाजूने, कंडरेच्या दुखापतीनंतर उपचार फसला असता तर मधली बक्षिसं उपचारात गेलेली, घोडा पळायला नालायक, विमा असला तरी जिवंत घोड्यावर मिळणार नाही, आणि वैरणीचं बिल चालू. तेवीसपैकी कितीजण तेव्हा दहा पौंड देत राहिले असते?

मला वाटतं बरेच राहिले असते. कारण दहा पौंड ही मुळातच अशी रक्कम होती की गेली तर क्लबातल्या आठवड्याच्या बिअरला कात्री लागेल, घराच्या हप्त्याला नाही. ती वर्गणी होती आणि सगळ्यांना ती वर्गणी म्हणूनच माहीत होती. परतावा कुणी गृहीत धरला नाही, म्हणून बक्षीस वाटा असा आग्रह कुणी धरला नाही, म्हणून खात्यात २०,००० शिल्लक राहिले, म्हणून घोडा वाचला आणि म्हणून चेपस्टो घडलं. गटातल्या दहा जणांनी जरी नफ्यासाठी पैसे घातले असते, तरी एप्रिल २००८ मध्येच हे प्रकरण संपलं असतं.

निवृत्त झाला तेव्हा ड्रीम अलायन्स अकरा वर्षांचा होता. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो. म्हणजे पुढे चौदा वर्षं, बक्षिसाशिवाय, रोजच्या वैरणीसह. तबेल्यात असताना जिने त्याचं केलं होतं ती मुलगी त्याला सॉमरसेटमध्ये आपल्याकडे घेऊन गेली. तेवीस जणांच्या वहीत हा खर्च मांडायची वेळ आली नाही.